ऑरेलिया बोटीवरच्या भारतीय गृहस्थास

छत्रपती संभाजीनगर
सोमवार, २१ जुलै २०२५, आषाढ वद्य एकादशी

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझं नाव नाही, त्याचा राग मानू नकोस. बोटीच्या कंपनीला मी ई-मेलवर ई-मेल केले. शेवटी उत्तर आलं, की कर्मचाऱ्यांची नावं आम्ही कुणाला सांगत नाही. पत्र आमच्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवा, बोट बंदराला लागली की ज्याचं त्याला देऊ. आता 'ज्याचं' म्हणजे कुणाचं? तू तिथं मंदार पाठक म्हणूनच आहेस की आणखी कुठल्या नावानं, हे मला कुठं ठाऊक आहे? म्हणून पाकिटावर इंग्रजीत लिहिलं: ऑरेलिया बोट, कर्मचाऱ्यांचं जेवणघर, गोल खिडकीजवळ पाठमोऱ्या बसलेल्या भारतीय गृहस्थास. सारी नोकरी जिल्हा परिषदेत आवक-जावक सांभाळण्यात गेली, पण असला पत्ता मी कधी लिहिला नव्हता.

तुला कुठं पाहिलं ते सांगतो. निवृत्त झाल्यापासून दुपारी तुझी आई आडवी झाली, की कानात इअरफोन घालून मी मोबाईलवर बोटी बघतो. समुद्र मी जन्मात एकदाच पाहिला, गणपतीपुळ्याला, तोही आईनं ओढून नेलं म्हणून. पण आता कुठल्या बोटीला किती डेक, हे मला झोपेतून उठवून विचारावं. बोटीशी मला काही देणंघेणं नाही. मागं काम करणाऱ्या पोरांत ओळखीचा खांदा दिसतो का, तेवढंच बघायचं असतं.

एक टोपीवाला गोरा आहे. जुन्या बोटी तो डेकमागून डेक हिंडून दाखवतो. त्यानं तुझी ऑरेलिया दाखवली. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी युरोपातून अमेरिकेला माणसं न्यायला बांधलेली. विमानं आली, माणसं हवेतून जायला लागली, तशी ही हौशी लोकांना समुद्रात फिरवून आणायच्या कामाला लागली. जिथून माल खाली उतरवायचे, तिथं आता पोहायचा हौद आहे. वरच्या डेकवर सागवानी फळ्या, अजून तुळतुळीत. टोपीवाल्यानं एक संत्रं खाली ठेवलं, तर ते घरंगळत बोटीच्या मध्याकडं गेलं. म्हणे जुन्या बोटींची जमीन अशीच दोन्ही टोकांना चढत जाते, नव्या बोटी सपाट असतात. मग तो जिना जिना उतरत खाली आला. गालिचे संपले, छताला पाईप लागले, कपडे धुण्याची वाफ लागली, आणि तुमचं जेवणघर आलं.

टोपीवाला म्हणाला, "इथं कर्मचारी जेवतात," आणि पुढं गेला. मी तिथंच राहिलो. खिडकीजवळ एक माणूस भात घेऊन बसला होता. त्यानं उजव्या तळहातावर पाणी घेतलं आणि ताटाभोवती फिरवलं. भाताची चार शितं ताटाबाहेर उजव्या हाताला ठेवली. ओली बोटं डोळ्यांना लावली, आणि मग घास घेतला.

चित्राहुती! लोखंडाच्या पोटात, खारट पाण्याला लागून, बशीभर भाताला चित्राहुती! तुझी मुंज झाली तेव्हापासून तू घर सोडेपर्यंत तुझ्या ताटाभोवतीचं ते ओलं कडं मी पाहत आलो. या माणसाची पाठ दिसते, अर्धा गाल दिसतो, दाढी दिसते, डोक्यावर टोपी आहे. चेहरा धड दिसत नाही. पण मला चेहरा कशाला हवा?

आता काम सांगतो. तुला बोटीवरच्या नोकरीला लावणाऱ्या त्या मुंबईच्या एजंटनं कळवलं होतं, की तुमचा मुलगा कुठल्याशा बंदरात उतरला तो बोटीवर परत चढलाच नाही. त्याला आता बारा वर्षं झाली. बारा वर्षं माणसाची खबर नसली, तर पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला नारळाचं डोकं लावतात आणि अग्नी देतात. मग त्याचं सगळं करतात, गेलेल्याचं करतात तसं. तुझं हे करायचं तुझ्या आईनं ठरवलं आहे. येत्या सर्वपित्री अमावास्येला, पैठणला, गोदेकाठी. कर्ता मी. बापानं मुलाचं करू नये म्हणतात, पण दुसरं आहे कोण?

ती म्हणते, तू तिच्या स्वप्नात येतोस आणि पाणी मागतोस. मी म्हटलं, "नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, म्हणून असली स्वप्नं पडतात." ती हसली नाही.

मी तुला पाहिलं, हे तिला सांगितलेलं नाही. शहागंजातल्या एका अत्तरवाल्याच्या भाच्यानं मागं दुबईत तुला पाहिलं म्हणून सांगितलं होतं, आठवत असेल... तुला कसं आठवणार! तर तुझ्या आईनं तुझी खोली झाडून घेतली, नवी चादर घातली, अनारसे केले. तो दुसराच कुणी निघाला. त्यानंतर ती अंथरुणाला खिळली, ती दिवाळीपर्यंत. म्हणून तुझं अक्षर हातात पडेपर्यंत मी तोंड शिवून बसणार आहे.

जिवंत मुलाला अग्नी देणारा बाप मला व्हायचं नाही. दोन ओळी पाठव, तेवढ्या पुरेत.

तुझा,
बाबा


शनिवार, ९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

चि. मंदार,

उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही. आवक-जावकवाल्याला यातलं मर्म कळतं. ज्या पत्राला धनी नसतो ते शिक्के मिरवत परत येतं. माझं आलं नाही, त्याअर्थी कुणीतरी ते हातात घेतलं आहे.

जुन्या बाजारातल्या पोस्टात खिडकीवर संस्कृती नावाची मुलगी बसते. पहिल्या पत्राच्या वेळीच तिनं पाकीट उलटसुलट केलं.

"काका, ह्याच्यावर नावच नाय की. असं कसं जाईल?"

"जाईल. बोटीवर तसा एकच माणूस आहे."

"कोण हाय तुमचा?"

"मुलगा."

"मंग नाव लिवायला काय झालं?"

"नाव आत लिहिलं आहे."

तिनं माझ्याकडं बघून शिक्का मारला. आता मी दिसलो की रांगेतूनच विचारते, "आलं का काका?" लाज वाटते. तरी जातो.

आज श्रावणी. नवं जानवं घालताना मनात आलं, तुझ्या अंगावर आहे का? नसलं तरी चालेल. दाढी चालेल, टोपी चालेल. मी तेव्हा म्हणालो होतो, लोकांची उष्टी ताटं उचलायला एवढ्या लांब कशाला जातोस, इथं मंगल कार्यालयं काय ओस पडली आहेत? ते मला आजही खोटं वाटत नाही. बापाचे शब्द काय बासुंदीत घोळून द्यायचे असतात? पण ताटं उचल, खुशाल उचल. उचलतोस एवढं फक्त कळव. माझ्यावरचा राग मी समजतो. तू आईशीसुद्धा बोलणं तोडलंस, एवढं मात्र माझ्या डोक्यात शिरत नाही.

तुझी बोट आता मला पाठ झाली आहे. सकाळी सिद्धार्थ उद्यानात फेऱ्या मारताना मी मनात तिच्या डेकवर हिंडतो. आरामखुर्च्यांची रांग, मग होड्या टांगलेला डेक, मग पितळी कठड्याचा मोठा जिना. एकेकाळी हा जिना पहिल्या वर्गाच्या लोकांसाठीच होता, दुसऱ्या वर्गाला वेगळा. आमच्या कचेरीत साहेबांचा जिना वेगळा होता, तशातलंच. मग खाली, खाली, खाली. तुझ्या टेबलाशी आलो की पाय थांबतात. एक गृहस्थ म्हणाले, "पाठक, दमलात का?" मी म्हटलं, "हो."

सर्वपित्री २१ सप्टेंबरला आहे. तुझ्या आईनं नानासाहेबाला बोलावणं धाडलं आहे. तोच विधी सांगणार. लवकर लिही.

तुझा,
बाबा


सोमवार, १ सप्टेंबर

मंदार,

आज घरात महालक्ष्म्या जेवल्या. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, सगळं तुझ्या आईनं एकटीनं केलं. गुडघे धरून उठते, पण कुणाला हात लावू देत नाही. मी आपला देव पाण्यात घालून बसलो आहे आणि घरात पक्वान्नांचा घमघमाट!

नानासाहेब जेवायला होता. माझा चुलतभाऊ, तू त्याला ओळखतोस. पैठणला भिक्षुकी करतो. आमच्या घराण्यातली पोथी त्याच्याकडं गेली, माझ्याकडं फायली आल्या. जेवणं झाल्यावर मी विषय काढला. म्हटलं, "नाना, तरुणपणी गेलेल्यासाठी काही ग्रंथांत वीस वर्षं वाट बघावी असं आहे. बारा वर्षं म्हाताऱ्यांसाठी. आपण घाई करतो आहोत."

नाना म्हणाला, "आहे दादा, तसंही एक मत आहे."

माझा जीव भांड्यात पडतोय तोच दारातून तुझी आई म्हणाली, "भावजी, वीस वर्षं मी पुरणार आहे का?"

नानासाहेब सुपारी कातरत बसला.

"बारा वर्षं तो पाणी मागतोय," ती म्हणाली. "तुमची मतं तुम्ही नंतर जुळवा. अहो, तुम्हाला करायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. मी गावातल्या कुणाच्याही पाया पडून त्याला कर्ता करीन."

 मोबाईल माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. तू त्यात होतास, भात खात होतास. मी हात खिशापर्यंत नेला होता. पण मला ती चादर आठवली, ते अनारसे आठवले, आणि मी हात काढून घेतला. म्हटलं, "करतो."

ऐकलंस? मी "करतो" म्हणालो आहे. तुझ्या गप्प बसण्यापायी. एका ओळीनं हे सगळं थांबलं असतं. तुझं असं काय सोनं झिजणार होतं? बोटीवर कागद मिळत नाही? पेन मिळत नाही? इतका कसला माज? माझ्यावर सूड घ्यायचा तर घे, पण त्या बाईनं काय घोडं मारलंय तुझं?

बाबा


शनिवार, १३ सप्टेंबर

चि. मंदार,

मागच्या पत्रात फार बोललो. ते वाचून उत्तर द्यायचं रद्द करू नकोस. वाटलं तर ते पत्र फाडून समुद्रात टाक.

आज कडुबा आला होता. आमच्या कचेरीतला शिपाई, तुला खांद्यावर बसवून सिद्धार्थ उद्यानातला वाघ दाखवायला न्यायचा तो. निवृत्त होऊन देवगाव रंगारीला शेती करतो. तुझ्या आईनं त्याला पळसाची पानं आणायला सांगितली होती. कशासाठी, ते त्याला इथं आल्यावर कळलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं गाठोडं दारातच ठेवून तो खाली बसला.

"भाऊसाहेब, लई वंगाळ वाटतंय बघा. मला वाटलं पत्रावळीला पायजेत. आदी ठावं असतं तर म्या हात नसता लावला त्या झाडाला."

"तुझा काय दोष, कडुबा."

"पोरगं कुठं तरी आसंलच की. तुमाला काय वाटतं, खरं सांगा."

मी इकडं तिकडं पाहिलं. तुझी आई मागं धुणं वाळत घालत होती. मी त्याला मोबाईलवर तुला दाखवलं. तो कितीतरी वेळ डोळे बारीक करून बघत होता.

"व्हय," म्हणाला, "आसंलबी." मग म्हणाला, "वैनीसायबास्नी दाखवा की मंग."

"आणि नसला तर?"

तो उठला. चहा न घेताच गेला. जाताना पानांवर पाणी शिंपडून गेला, सुकू नयेत म्हणून.

'व्हय' आणि 'आसंलबी' यांत जेवढं अंतर आहे, त्यात मी सध्या राहतो. पानं न्हाणीघराशेजारी ठेवली आहेत. येता-जाता दिसतात. मंदार, मी बासष्टाव्या वर्षी आईला अग्नी दिला, त्याआधी वडिलांना दिला. या पानांना हात लावायचा मला धीर होत नाही. मी भितो आहे. जिवंत माणसाला पिंड दिला, तर तो त्याला बाधतो म्हणतात. माझा विश्वास आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण तू तिथं खाली, पाण्याच्या पातळीखाली झोपतोस. मला भीती वाटते.

हे पत्र अमावास्येआधी पोचणार नाही, हे मला कळतं. म्हणून याचा फोटो काढून कंपनीला ई-मेलही करतो आहे. वर लिहितो, अत्यंत तातडीचे. सरकारी पत्रावर हे लिहिलं की त्या पत्राला आणखी उशीर व्हायचा. तरी लिहितो.

तुझा,
बाबा


शुक्रवार, १९ सप्टेंबर

मंदार,

कोरा कागद पाठव. नुसता कोरा. ई-मेलला नुसतं एक अक्षर पाठव, मी समजेन. कंपनीकडून 'ते गृहस्थ तुमच्याशी बोलू इच्छित नाहीत' एवढं कळव. मी आनंदानं नाचेन. बोलू इच्छित नाही म्हणजे आहे!

परवा मला अग्नी द्यायचा आहे. पाया पडतो.

बाबा


मंगळवार, २३ सप्टेंबर

चि. मंदार यास अनेक, अनेक आशीर्वाद.

सांगण्यासारखं एवढं आहे, की कुठून सुरुवात करू कळत नाही. क्रमानं सांगतो.

रविवारी पैठणला गेलो. धरणातून पाणी सोडलेलं, गोदा दुथडी भरून. नानासाहेबानं पळसाचे देठ मांडले, दर्भानं बांधले, पिठानं लिंपले, वर नारळ ठेवला. आडवा ठेवल्यावर तो तुझ्याएवढा दिसत होता. तुझी आई थोडं मागं, पायऱ्यांवर बसली होती.

मी पाण्याची पळी हातात घेतली. नानासाहेब सांगू लागला, "काश्यपगोत्रस्य, मंदारशर्मणः..."

मी म्हटलं, "काश्यपगोत्रस्य, सदाशिवशर्मणः."

त्याची जीभ अडखळली. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. लहानपणी पोथीत चुकला की मी त्याला अशाच नजरेनं बघायचो. त्यानं मान खाली घातली आणि पुढं म्हणू लागला. पुढं जिथं जिथं तुझं नाव आलं, तिथं तिथं मी माझं घेतलं. स्वतःचं श्राद्ध जिवंतपणी करून ठेवायची सोय शास्त्रात आहे. मी काही पाखंड केलं नाही. पानांचा सदाशिव मी स्वतःच्या हातानं जाळला. पळस ओला, धूर फार झाला. सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं ते धुरानं, असं म्हणायची सोय झाली.

तेव्हा तू आहेस. पोथीच्या हिशेबात मी गेलेला आहे. सकाळी दूध आणायला जातो, एवढंच.

मला वाटलं, झालं, आईचं समाधान झालं, तुझ्या केसालाही धक्का लागला नाही. घरी आलो, आंघोळी झाल्या. तिनं पानं वाढली. मी पहिला घास उचलणार, तोच म्हणाली, "तुम्ही तुमचं नाव का घेतलंत?"

मी पानातला भात चिवडू लागलो.

"लग्न झाल्यापासून तुमचे संकल्प माजघरातून ऐकतेय. मला काय कळत नाही असं वाटलं? त्याचं नाव का नाही घेतलंत? तो आहे का? खरं सांगा, तो कुठं आहे का?"

मग माझ्यानं राहवलं नाही. उष्ट्या हातानंच मोबाईल काढला. तिला पत्रांचं सांगितलं, सगळी बोट दाखवली. ती म्हणाली, सुरुवातीपासून दाखवा. वरचे डेक पाहिले, जिना पाहिला, संत्र्याचं पाहिलं, हौद पाहिला. "एवढ्या मोठ्या बोटीवर राहतो होय," म्हणाली. मग जेवणघर आलं. ती पुढं वाकली. तू पाणी फिरवलंस. तिनं मला परत मागं न्यायला लावलं. तू पुन्हा पाणी फिरवलंस.

मी विचारलं, "हाच ना?"

तिनं मोबाईलची काच पदरानं पुसली.  मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "हो. हाच."

मंदार, मी ओक्साबोक्शी रडलो. एवढा मोठा माणूस, पाटावर बसून, लहान पोरासारखा. ती माझ्या पाठीवर हात फिरवत होती. मग म्हणाली, "जेवा आता. किती वाळलात." मी दोनदा भात मागून घेतला.

आता तुला घाई नाही. राग निवला की लिही. आम्ही दोघं मिळून वाट बघू. एकट्यानं बघण्यापेक्षा ते पुष्कळ हलकं आहे. काल घटस्थापना झाली, घरात माळ लागली आहे. आई म्हणते, हे पत्र मी टाकते पोस्टात, तुम्ही उगीच उन्हात जाऊ नका. तिची हौस.

तुझा,
बाबा


२३ सप्टेंबर, दुपार

सप्रेम नमस्कार.

मी मंदारची आई, दमयंती. हा कागद मी यांच्या पत्रामागं घालते आहे. यांना ठाऊक नाही. पाकीट मागून घेतलं ते यासाठीच.

तुम्ही माझा मंदार नाही. पाहताक्षणी कळलं.

मंदारनं कधी चित्राहुती घातली नाही. पानावर बसला की थेट भातावर तुटून पडायचा. हे हात धुऊन येईपर्यंत मीच वाटीत बोटं बुडवून त्याच्या ताटाभोवती पाणी फिरवत असे, नाहीतर जेवणाच्या वेळी महाभारत व्हायचं. ते ओलं कडं यांनी वर्षानुवर्षं पाहिलं आणि खूश झाले. मंदार माझ्याकडं बघून डोळा मारायचा. घरात ज्यानं केलं नाही, तो बोटीवर कशाला करील? तुम्ही कुणाच्या तरी घरी फार नीट वाढलेले आहात.

मंदार यांच्यावर रुसून गेला होता, माझ्यावर नाही. मला फोन करायचा, हे कचेरीत असताना. काय खाल्लं, कुठलं गाव आलं, सगळं सांगायचा. तो फोन ज्या महिन्यात आला नाही, त्याच महिन्यात मी समजले. दुबईच्या बातमीला एकदा भुलले, तेवढंच. तो असता तर माझ्याशी बोलल्याशिवाय राहिला नसता. मी ओरडून सांगितलं असतं, पण यांना ऐकायचं नव्हतं. आशा धरून बसलेल्या माणसापुढं बाई किती ओरडणार?

पैठणला हे धुरात बसले होते तेव्हा यांनी स्वतःचं नाव घेतलेलं मी ऐकलं. उठून खाली गेले, पाण्यात उभी राहिले आणि मंदारचं नाव घेऊन ओंजळीनं पाणी सोडलं. बायकांनी सोडायचं नसतं म्हणतात. त्याला पहिलं पाणी मीच पाजलं होतं. मला वाटतं पोचलं. परवापासून तो स्वप्नात आलेला नाही.

त्याचं मी केलं. राहिले हे. जिवंतपणी स्वतःला जाळून आलेला माणूस घरात वावरतोय, आणि सकाळपासून ओट्यावर पोस्टमनची वाट बघत बसलाय. आज अजून पत्र टाकलेलंसुद्धा नाही! मी "हाच" म्हटलं तेव्हा यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. "नाही" म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. यांच्याकडं बघितलं आणि निघालं "हाच". आता ते मला मागं घेता येत नाही.

इतकी पत्रं आली, तुम्ही एकही परत पाठवलं नाहीत. म्हणजे ती तुमच्याजवळ आहेत. फेकवली नसतील. मराठी येत नसेल तर बोटीवर कुणाकडून तरी वाचून घ्या, पण एकट्याकडूनच, चारचौघांत नको.

माझं एक मागणं आहे. यांना पत्र लिहा. मंदार म्हणून लिहा. मी खोटं बोलायला सांगते आहे, तेही दुसऱ्याच्या मुलाला. त्याचं पाप तुम्हाला नको, ते मी घेते. फार लिहू नका. 'बाबा, मी बरा आहे. वेळेवर जेवतो. राग नाही.' एवढंच. मराठी लिहिता येत नसेल म्हणून पाठीमागं मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आहे, बघून उतरवा. अक्षर वेगळं दिसलं तर इतक्या वर्षांत बदललं असेल, असं हेच मला समजावतील. फोटो पाठवू नका. आणि 'येतो' असं काही झालं तरी लिहू नका. हे दारातून उठणार नाहीत.

तुमच्या घरी आई असेल, तर आधी तिला लिहा. आम्ही थांबू.

दमयंती सदाशिव पाठक